नियंत्रकाची इंग्रजी : प्रावीण्य आणि त्याची कसोटी

भाषाप्रावीण्य म्हटले की आपल्यापुढे वाङ्मयाची अथवा कचेरीची भाषा येते. विमानवाहतूक-नियंत्रकाची इंग्रजी या दोहोंतही बसत नाही. मोहाडीच्या अभ्यासकाने हा विषय परका मानू नये. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या गोंदियाजवळ बिरसी येथे विमानपत्तन प्राधिकरणाची प्रशिक्षणसंस्था आहे. तेथे नियंत्रकांनाही शिकविले गेले आहे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००३ मध्ये स्वीकारलेली व २००८ मध्ये लागू झालेली श्रेणीपद्धती उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद ही सहा अंगे तपासते. सर्वांत दुबळ्या अंगाची श्रेणी हीच उमेदवाराची श्रेणी ठरते. सरासरीच्या आड उणीव लपत नाही, हे विद्यापीठीय परीक्षकांनीही मनावर घेण्याजोगे आहे.

झाडीबोलीत वाढलेल्या मुलाच्या तोंडी ‘श’चा ‘स’ होतो आणि तेवढ्यावरून त्याचे इंग्रजी कच्चे ठरविण्याची आपल्याकडे खोड आहे. या कसोटीस बोलीची छटा चालते, आकलनातील वारंवार अडथळा चालत नाही. किंबहुना खुद्द आंतरराष्ट्रीय संकेतच तीनचा उच्चार ‘ट्री’, पाचचा ‘फाइफ’ आणि नऊचा ‘नायनर’ असा करावयास सांगतो!

आमचा आक्षेप प्रावीण्य टिकविण्याच्या कल्पनेविषयी आहे. चौथ्या श्रेणीची, म्हणजे किमान पात्रतेची, फेरपरीक्षा तीन वर्षांनी व पाचवीची सहा वर्षांनी व्हावी अशी शिफारस आहे. परंतु नित्याच्या कामात नियंत्रक ठराविक वाक्येच उच्चारतो. त्यामुळे घोटली जाते ती परिभाषा. वैमानिकास हृदयविकाराचा झटका आला, चाके उतरेनात, अशा वेळी लागणारी मोकळी इंग्रजी मात्र वापराअभावी गंजते. हे नुकसान रोजच्या सरावाने भरून निघत नाही, उलट झाकले जाते. तेव्हा अनपेक्षित प्रसंगांवरील संभाषणाचा सराव दोन परीक्षांच्या मधल्या काळात सतत चालला पाहिजे.

परिभाषाही निर्दोष नव्हती. १९७७ च्या टेनेरिफ अपघातात ५८३ माणसे दगावली. तेथे वैमानिकाचे उड्डाणाविषयीचे संदिग्ध वाक्य आणि नियंत्रकाचा मोघम ‘ओके’ एकमेकांस भिडले. पुढे ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, असा दंडक झाला. १९९६ मध्ये चरखी दादरीजवळ ३४९ जीव गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले होते, आणि त्याच्या चालकवर्गाचे अपुरे इंग्रजी हे चौकशीत एक कारण मानले गेले. नियंत्रकाचे प्रावीण्य ऐकणाऱ्याच्या प्रावीण्यावरही अवलंबून असते, हे येथे उघड होते.

म्हणूनच सहाव्या श्रेणीस फेरपरीक्षेतून मिळणारी सूट आम्हांस खटकते. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे तोही भरभर, वाक्प्रचारांनी भरलेले बोलून परक्या वैमानिकास गोंधळात टाकू शकतो; त्याची ही सवय तपासण्याची सोय या व्यवस्थेत राहत नाही.