पेल्यावरचे नाणे

शालेय पुस्तकात जडत्वाचा पाठ आला की काही उदाहरणे ठरलेलीच असतात. एकाएकी सुटणारी बस, झटकलेली सतरंजी आणि पेल्यावरच्या पुठ्ठ्यावर ठेवलेले नाणे. टिचकी मारली, पुठ्ठा उडाला, नाणे पेल्यात पडले. का? तर 'नाण्याच्या विराम अवस्थेतील जडत्वामुळे'. प्रयोग सुंदर आहे. आमची तक्रार आहे ती या उत्तराविषयी.

तोच पुठ्ठा टिचकी न मारता हळूच ओढून पाहा. नाणे निमूटपणे त्याच्याबरोबर येते. नाणे तेच, वस्तुमान तेच, म्हणजे जडत्वही तेच. मग एकदा ते मागे का राहिले आणि एकदा बरोबर का आले? हा दुसरा प्रयोग पुस्तकात सहसा नसतोच, त्यामुळे प्रश्नही उठत नाही.

उत्तर घर्षणात आहे. पुठ्ठा नाण्याला घर्षणाने पुढे ओढतो, पण या ओढीला मर्यादा असते. घर्षणगुणांक ०.२ धरला, तर नाण्याला फार तर सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण मिळू शकते. पुठ्ठ्याचे त्वरण याहून कमी असेल तर नाणे त्याच्याबरोबर जाते. टिचकीने ते कितीतरी पट जास्त होते आणि पुठ्ठा खालून निसटतो. हे निसटणे १/२० सेकंदात उरकले, तर तेवढ्या वेळात नाणे सुमारे अडीच मिलिमीटर सरकते. म्हणजे नाणे जागच्या जागी राहतच नाही; ते थोडेसे सरकते, आणि पेल्याचे तोंड पुरेसे रुंद असते म्हणून आत पडते! शिवाय या हिशेबात नाण्याचे वस्तुमान कुठेच उरत नाही. नाणे जड घेतले की त्याचे जडत्व वाढते, पण त्याच प्रमाणात घर्षणही वाढते. 'जड नाणे घ्या, प्रयोग चांगला होतो' हा सल्ला म्हणूनच निराधार आहे.

बसच्या उदाहरणात तर 'प्रवासी मागे फेकला जातो' असे वाक्य असते. फेकतो कोण? रस्त्यावर उभे राहून पाहणाऱ्याला असे मागे ढकलणारे बल दाखवता येणार नाही, कारण ते नाहीच. बस पायांना पुढे नेते, धड होते तिथेच राहू पाहते, इतकेच.

'जडत्व' हा शब्दही वर्गात घोटाळा करतो. मराठीत जड म्हणजे वजनदार, आणि जड म्हणजे निश्चलही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर आळस. केप्लरने तो वापरला तेव्हा पदार्थाची कल थांबून राहण्याकडे असतो, असेच त्याला म्हणायचे होते. न्यूटनने १६८७च्या 'प्रिन्सिपिया'त शब्द ठेवला, पण चालती वस्तू तशीच चालत राहू पाहते हेही त्यात घातले. आमचे विद्यार्थी बहुधा केप्लरपाशीच थांबलेले असतात.

याचा पुरावा हवा असेल तर ५ किलोग्रॅम वस्तुमान आणि २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देऊन बल विचारा. १० न्यूटन हे उत्तर तत्काळ येईल. मग त्याच मुलांना विचारा, वर फेकलेला चेंडू हात सुटल्यावर वर जात असताना त्याच्यावर कोणती बले असतात? 'हाताचे बल' हे उत्तर हमखास येते. हवेचा विरोध सोडला तर तिथे फक्त गुरुत्वाकर्षण असते. १९८२ साली जॉन क्लेमंट यांनी अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वर उडवलेल्या नाण्याबद्दल हेच विचारले, तेव्हा बहुतेकांनी वर ढकलणारे बल काढून दाखवले होते. तेव्हा मुलांना मठ्ठ म्हणण्यात अर्थ नाही. बैल ओढायचे थांबले की गाडी थांबते, हे पाहत वाढलेल्याला गतीसाठी बल लागते असे वाटणारच.

पाठाची सुरुवात या गाडीपासून व्हायला हवी, व्याख्येपासून नव्हे. कॅरमबोर्डावर पावडर न टाकता आणि मग टाकून, सारख्याच जोराने स्ट्रायकर मारावा आणि तो कशाने थांबला हे मुलांनाच विचारावे. पेला आणि नाणे त्यानंतर काढावे, आणि पुठ्ठा दोन्ही रीतींनी ओढून दाखवावा.