जेम्माचे मौन आणि लक्ष्मीबाईंचा शब्द

काही वर्षांपूर्वी विवाहेच्छू तरुण-तरुणींच्या शिबिरात प्रेमाविषयी बोलताना मी दान्तेचा दाखला दिला होता. सेमिनरीत अभ्यासलेला हा महाकवी तेव्हापासून माझ्या मनात घर करून आहे. वयाच्या नवव्या वर्षी त्याने बिआत्रिचेला प्रथम पाहिले, त्यानंतर नऊ वर्षांनी तिने रस्त्यात त्याला अभिवादन केले आणि तेवढ्या शिदोरीवर त्याने जन्मभर तिची आराधना केली, हे मी मोठ्या तन्मयतेने सांगितले. स्त्रीकडे अशा भक्तिभावाने पाहायला शिका, असा मुलांना उपदेशही केला. व्याख्यान संपताच मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "फादर, दान्तेचं लग्न झालं होतं का? मग त्याची बायको तेव्हा काय करत होती?"

हशा पिकला. मीही हसलो आणि वेळ मारून नेली. परंतु प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

दान्तेच्या पत्नीचे नाव जेम्मा दोनाती. दोघेही कोवळ्या वयाची असतानाच वडीलधाऱ्यांनी हा विवाह ठरवून टाकला होता. पुढे त्यांना मुलेबाळे झाली. १३०२ साली राजकीय शत्रूंनी दान्तेला फ्लॉरेन्समधून हद्दपार केले. तो पुन्हा कधीही आपल्या नगरात परतला नाही आणि १३२१ साली राव्हेन्ना येथे वारला. त्याच्या काव्यात गुरू आहेत, मित्र आहेत, शेजारी आहेत, ज्यांच्यावर त्याचा राग होता ते पोपही आहेत. जेम्मा मात्र कोठेही नाही. त्याच्या साऱ्या लेखनात तिच्याविषयी एक ओळदेखील सापडत नाही. त्या मुलीला द्यायचे उत्तर एवढेच होते.

या उत्तराच्या प्रकाशात मी 'व्हिता नुओव्हा' पुन्हा वाचले. तारुण्यात ज्या पुस्तकाने मला भारावून टाकले होते, तेच आता काहीसे वेगळे दिसू लागले. बिआत्रिचेने प्रथमदर्शनी कोणत्या रंगाचे वस्त्र परिधान केले होते, हे कवी आपल्याला सांगतो. तिच्या अभिवादनाने त्याच्या अंतःकरणाची काय अवस्था झाली, हेही तो पानोपानी सांगतो. परंतु तिला काय वाटत होते? तिचे लग्न एका सधन घराण्यातील पुरुषाशी झाले होते, याचा पुस्तकात उल्लेखसुद्धा नाही. ती जवळजवळ बोलतच नाही. १२९० साली ऐन तारुण्यात तिचा मृत्यू होतो, तेव्हाही आपण शोक पाहतो तो कवीचा. ज्या स्त्रीची एवढी पूजा बांधली, तिची ओळख मात्र आपल्याला शेवटपर्यंत होत नाही. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला मत नसते, थकवा नसतो, राग नसतो. म्हणूनच तिची पूजा करणे सोपे असते. घरातल्या जेम्माला हे सर्व असते.

परंतु दान्तेला येथेच सोडून देणे अन्यायाचे होईल. त्याच्या महाकाव्याच्या दुसऱ्या खंडात, शुद्धिस्थानाच्या पर्वतमाथ्यावर, बिआत्रिचे त्याला पुन्हा भेटते. वाचकाला वाटते, आता पुष्पवृष्टी होईल, स्तुतिस्तोत्रे होतील. फुले उधळली जातातही. पण ती तोंड उघडते ती त्याला खडसावण्यासाठी! ती त्याला नावाने हाक मारते. संपूर्ण काव्यात कवीचे नाव केवळ या एकाच ठिकाणी येते. माझ्या मृत्यूनंतर तू वाट चुकलास, असे ती सर्वांदेखत त्याला सुनावते. रागावलेल्या आईपुढे उभ्या राहिलेल्या मुलासारखा तो खाली मान घालून रडतो आणि आपला अपराध कबूल करतो. माझ्या मते दान्तेच्या प्रेमकथेतील सर्वांत खरा क्षण हाच. मूर्ती बोलू लागली, दोष दाखवू लागली, आणि भक्ताला प्रथमच आपला चेहरा दिसला. तिच्या मौनाने जे साधले नव्हते, ते तिच्या बोलण्याने साधले. खंत एवढीच की, या बोलण्यासाठी बिआत्रिचेला आधी मरावे लागले.

जेम्माने लेखणी हाती घेतली असती, तर तिने काय लिहिले असते? ते कळण्यास मार्ग नाही. मात्र एका कवीच्या पत्नीने लिहिलेले असे पुस्तक आपल्या मराठीत आहे आणि ते आपल्या ख्रिस्ती अंगणातच जन्मले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. आजवर आपण हे पुस्तक रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे दर्शन घडवणारा ग्रंथ म्हणून वाचत आलो. मला ते आता पत्नीने पतीकडे बरोबरीच्या नजरेने पाहिल्याची साक्ष म्हणून वाचावेसे वाटते.

अकराव्या वर्षी मनकर्णिका गोखले टिळकांच्या घरी आली. शाळेचे शिक्षण नावापुरतेच. पती फुलांमुलांचा कवी म्हणून पुढे महाराष्ट्रभर गाजला. घरात मात्र तो शीघ्रकोपी, विसरभोळा, हाती आलेला पैसा वाटून मोकळा होणारा, न सांगता घराबाहेर पडणारा. लक्ष्मीबाई हे सगळे सांगतात, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. त्या हसतात आणि आपल्यालाही हसवतात. त्या पतीला देव्हाऱ्यात बसवत नाहीत, त्याला खाली ओढतही नाहीत. स्वतःची फजिती तर त्या पतीच्या फजितीहून अधिक चवीने वर्णन करतात. असा विनोद त्यालाच जमतो, ज्याला समोरचा माणूस आपल्याच उंचीचा दिसतो.

१८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती वाचक हा प्रसंग श्रद्धेच्या विजयाचा म्हणून वाचतो. लक्ष्मीबाई तो मागे राहिलेल्या पत्नीच्या बाजूने सांगतात. निर्णय एकट्याचा, मोडला मात्र दोघांचा संसार. एका पुरोहिताला ही पाने वाचताना अस्वस्थ व्हायला होते, आणि व्हायलाच हवे. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आपला धर्म घेऊन. एका छताखाली दोन श्रद्धा नांदू लागल्या. जातिभेद माणसांचा आहे, देवाचा नव्हे, या निर्णयाला त्या स्वतः विचार करून पोहोचल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. आपल्या पुढच्या मुक्कामी टिळकांना थांबावे लागले. प्रेमाची मोठी परीक्षा या थांबण्यातच असते.

हा संसार बरोबरीचा होता, असे मी म्हणणार नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यासाचा मार्ग धरला आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. घराची घडी पुन्हा एकदा त्यांच्या मर्जीने विस्कटली. बरोबरी आहे ती पुस्तकात. जीवनात जे पुरते मिळाले नाही, ते लक्ष्मीबाईंनी शब्दात मिळवले. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले. ज्या स्त्रीला अक्षरओळखीपलीकडे फारसे शिकता आले नव्हते, तिच्या हाती कवीची लेखणी आली. दान्तेने बिआत्रिचेला स्वर्गात नेऊन बसवले. परंतु लेखणी कोणाच्या हाती दिली नाही.

यावर कोणी म्हणेल, "फादर, कौतुक कोणत्या स्त्रीला नको असते?" हवेच असते, आणि पुरुषालाही हवे असते. आपण एखाद्याला साऱ्या जगात वेगळे वाटावे, ही भूक मानवी आहे. तिचा उपहास करू नये. परंतु कौतुक आणि पूजा यांत भेद आहे. कौतुक करणारा माणूस समोरच्याला पाहून, ऐकून, समजून मग बोलतो. पूजा करणाऱ्याला ऐकण्याची गरज पडत नाही. शिवाय पूजेला अट असते. मूर्तीला तडा गेला की ती विसर्जित केली जाते. लग्नाआधी जिला 'देवी' म्हटले, तिनेच वर्षभरात विरोधी मत मांडले की तिला 'बदलली' म्हणणारे पती आमच्या कार्यालयात येऊन बसतात. ती बदललेली नसते. ती प्रथमच बोललेली असते.

शिबिरात मी आजही दान्ते सांगतो. फक्त अभिवादनाशी थांबत नाही. पर्वतमाथ्यावरच्या खडसावणीपर्यंत जातो आणि तेथून लक्ष्मीबाईंकडे वळतो. शेवटी मुलांना उपदेश न करता एक प्रश्न विचारतो: तुमच्या वाग्दत्त वधूने तुमचे म्हणणे खोडून काढले, असा शेवटचा प्रसंग कोणता, आणि त्या वेळी तुम्ही काय केलेत? काही मुले लगेच उत्तर देतात. काहींना असा एकही प्रसंग आठवत नाही. ते खुशीत असतात, आमचे कधी भांडणच झाले नाही म्हणतात. अशा वेळी मी त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलीकडे पाहतो आणि तिने बोलावे म्हणून थोडा वेळ गप्प राहतो.