भिंग म्हटलं की फसगत होते

मनवेलपाड्यातल्या आजच्या बैठकीत आपण ‘गुरुत्वीय भिंग’ या शब्दाची झाडाझडती घेऊ. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेतलं महाकाय कृष्णविवर आणि त्याभोवती तापून चमकणारी वायूची तबकडी. वाटेत दुसरी दीर्घिका आली की तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकतो आणि एकाच क्वेसारच्या दोन-चार प्रतिमा दिसतात. पुस्तकं इथे बहिर्वक्र भिंगाची आकृती काढतात आणि मोकळी होतात. आमचा आक्षेप त्या आकृतीलाच आहे.

उन्हात ठेवलेल्या पाण्याच्या बादलीचा तळ आठवा. पाणी हललं की तळाशी उजेडाच्या बारीक रेषांचं जाळं सरकतं ना? मधल्या दीर्घिकेतले सुटे तारे तसंच जाळं विणतात. चँग आणि रेफ्सडाल यांनी १९७९ मध्ये एकेका ताऱ्याचा हा परिणाम मांडला. यालाच सूक्ष्मभिंग म्हणतात. आता रेषेखाली मोहरीचा दाणा आला तर तो अख्खा उजळतो, ताटलीचा मात्र एक पट्टाच. तबकडीचा आतला, तापलेला, निळा भाग म्हणजे मोहरी. रुंद वर्णरेषा देणारा बाहेरचा वायू म्हणजे ताटली. गुरुत्वाकर्षण सगळ्या रंगांना सारखंच वाकवतं, तरी प्रतिमा निळसर होते ती यामुळे! बहिर्वक्र भिंगाच्या आकृतीत हे कुठून दिसणार?

आता आपल्या माणसांकडे. काही क्वेसारमधले तुकडे प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाताना भासतात. कुमार चित्रे आणि जयंत नारळीकर यांनी १९७९-८० च्या सुमारास सुचवलं, की मधली दीर्घिका ही गती फुगवून दाखवत असेल. कल्पना देखणी, गणितही नीट. पण आपली म्हणून तिला सूट देऊ नये. दर वेळी नेमकी दृष्टिरेषेत दीर्घिका कुठून आणायची? आज मान्य आहे ते रीस यांचं १९६६ चं उत्तर: जवळजवळ आपल्याच दिशेने, प्रकाशाच्या लगबग वेगाने येणारा झोत.

सूक्ष्मभिंगाचं तसं नाही, ते आपला पुरावा बरोबर घेऊन येतं. १९८५ मध्ये हुक्रा आणि सहकाऱ्यांना सापडलेला ‘आइन्स्टाइन क्रॉस’ घ्या. चार प्रतिमा, मधली दीर्घिका सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षांवर. क्वेसार स्वतः बदलला तर चारही प्रतिमा साधारण एखाद्या दिवसाच्या फरकाने बदलायला हव्यात. १९८९ मध्ये अर्विन यांच्या गटाने जाहीर केलं, की एकच प्रतिमा उजळली. म्हणजे करामत वाटेतल्या ताऱ्याची.

याच पद्धतीने पुढे तबकड्या मोजल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी त्या नेहमीच्या सिद्धांतापेक्षा काही पट मोठ्या निघाल्यात आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.