पायांखालची जमीन

मुंबईतील जातीजमातींवरील विल्यम जॉन्सन यांच्या छायाचित्रग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ साली निघाले. त्यांत माणसे एके ठिकाणी टिपून दुसऱ्याच दृश्यांवर बसविलेली आढळतात. वेश अस्सल, उभे राहणे मात्र हुकमी; आणि पायांखालची जमीन तर त्यांची नव्हेच!

उत्तन-डोंगरीच्या घरांतील जुन्या तसबिरी त्या मानाने प्रामाणिक. तरी तेथेही लग्नातले लुगडे, दागिने, बँडवाले दिसतात. बांबूंवर बोंबील वाळत घालणारी बाई वा भाईंदरच्या मिठागरातला मजूर क्वचितच. (फोटोग्राफर लग्नालाच बोलावला जाई, हेही खरे.) एका पिवळटलेल्या वरातीच्या चित्रात कडेला टोपली घेतलेली स्त्री अर्धीच आली आहे. जॉन्सनने तिला वगळले असते. आम्ही नवरानवरीपेक्षा तिच्याकडेच अधिक वेळ पाहत राहिलो.