बीटा-ब्लॉकर आणि हृद्स्नायूचे संरक्षण : एका विधानाची चिकित्सा

‘बीटा-ब्लॉकर हृदयाचे संरक्षण करतात’ हे विधान आपण वर्गात इतक्या सहजतेने उच्चारतो की त्याची चिकित्सा करण्याची गरज कोणास भासत नाही. जेम्स ब्लॅक यांच्या प्रोप्रानोलॉलमागील तत्त्व सरळ होते : ॲड्रेनलिनचा प्रभाव रोखला की हृदयाची प्राणवायूची मागणी घटते. परंतु रक्तपुरवठा खंडित झालेली पेशी त्यामुळे वाचते काय, हा प्रश्न निराळा आहे. प्रोप्रानोलॉलने मृत्युदर घटल्याचे दाखविणाऱ्या १९८०च्या दशकारंभीच्या अमेरिकी चाचणीत औषध झटक्यानंतर ५ ते २१ दिवसांनी सुरू केले होते. तोवर मरावयाच्या पेशी मेलेल्याच असतात!

पेशी वाचल्याचा थेट पुरावा स्पेनमधील २०१३ च्या मेटोकार्ड चाचणीत मिळतो. २७० रुग्णांच्या या चाचणीत अँजिओप्लास्टीपूर्वी शिरेतून मेटोप्रोलॉल दिलेल्यांचा बाधित स्नायू सरासरी २५.६ ग्रॅम, तर इतरांचा ३२ ग्रॅम भरला. २०१६ च्या अर्ली-बामी चाचणीत मात्र, ६८३ रुग्ण असूनही, हा फरक दिसला नाही. तेथे मात्रा कमी होती, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे, सिद्ध नव्हे.

माद्रिदच्या संशोधकांनी २०२० मध्ये उंदरांवर दाखविले की मेटोप्रोलॉल न्यूट्रोफिल पेशींचा दाह आवरते, ॲटेनोलॉल व प्रोप्रानोलॉल तसे करीत नाहीत. हे मान्य केल्यास ‘बीटा-ब्लॉकर’ हे गटनामच येथे दिशाभूल करणारे ठरते. शिवाय याच मेटोप्रोलॉलने २००५ च्या चीनमधील सुमारे ४६ हजार रुग्णांच्या चाचणीत, विशेषतः हृदय आधीच दुबळे पडलेल्यांत, हृदयजन्य शॉकचे प्रमाण वाढविले होते.