नवख्रिस्त्याने मागितलेला ग्रंथ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी आपल्या सभासंमेलनांतून जे काही बोलले जाते, ते बहुधा मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. एका इंग्रज धर्मगुरूने आपल्या भाषेला एवढे नावाजावे याचा आनंद साहजिक आहे. परंतु त्याच ग्रंथाच्या आरंभी एक छोटासा प्रसंग येतो, त्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. साष्टी प्रांतात धर्मशिक्षणाचा वर्ग झालेला आहे. नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपुढे येतो आणि नम्रपणे विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आपण शिकवता ते उत्तमच आहे, पण पूर्वीची पुराणे आपण आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास दुसरे काही का देत नाही?

या माणसाचे नाव ग्रंथात नाही. तरीही मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना त्याच्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. कारण त्याने मागितले ते सिद्धांताचे स्पष्टीकरण नव्हे. ते त्याला वर्गात मिळतच होते. स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तकही पुढे, त्यांच्या निधनानंतर, 1622 साली छापले गेले. प्रश्नोत्तरे पाठ करता येतात. पण दिवेलागणीनंतर घरातल्या माणसांनी एकत्र बसून ऐकावे असे त्यांत काय असते? त्याला हवी होती कथा. श्रद्धा बदलली तरी कानाची भूक बदलत नाही, हे त्याने ओळखले होते आणि ते गुरूला सांगण्याचे धैर्यही दाखवले होते.

स्टीफन्स यांचे मोठेपण असे, की त्यांनी ही मागणी अश्रद्धेचे लक्षण मानली नाही. त्यांनी 95 अवस्वरांचा आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचून तिला उत्तर दिले. 1616 साली तो रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. छंद ओवीचा, म्हणजे ज्या पुराणांना निरोप द्यावा लागला त्यांचाच. स्वर्गाला शब्द वापरला तोही वैकुंठ. दैवते सोडलेल्या त्या मनुष्याला आपले शब्द मात्र सोडावे लागले नाहीत. रविवारी व सणावारी मिस्सानंतर हे पुराण देवळांतून वाचले जाई, यावरून ते ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्यापर्यंत पोहोचले होते हे दिसते.

एवढे म्हटल्यावर या प्रसंगातली उणीवही सांगितली पाहिजे. प्रश्न विचारून झाल्यावर तो ब्राह्मण मागे सरतो आणि पुढे सगळे गुरूच बोलतात. त्याच्या घरातल्या जुन्या पोथ्यांचे काय झाले? त्याचे सगेसोयरे त्याच्याशी बोलत होते की नाही? नव्या प्रार्थना म्हणताना जुन्या आठवणी मध्येच येत होत्या का? यांतले काहीच आपणांस कळत नाही. नवख्रिस्त्याचे मन येथे धर्मगुरूच्या लेखणीतून, गाळून आलेले आहे. अभिजात ग्रंथ म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’ची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, पण जे त्यात नाही ते नाहीच.

ते सापडते ‘स्मृतिचित्रे’त. लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हेत. म्हणून आपल्या कपाटात त्यांना जागा नसावी, हे मला कधीच पटलेले नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी काही काळ त्यांचे सोवळे आणि त्यांचा स्वयंपाक वेगळाच होता. स्वतःच्या त्या हट्टाकडे त्या म्हातारपणी हसून पाहतात. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो युक्तिवादाने पराभूत होऊन नव्हे. मनातला विटाळ एकेक पायरी उतरत गेला म्हणून. अक्षरज्ञान बेताचे असलेल्या या बाईने 1934 पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या आठवणींत जे लिहून ठेवले, ते विद्वानांनाही साधलेले नाही. देव भेटला त्याच वेळी आपले काय काय तुटले, हे त्यांनी लपवले नाही.

कॅथलिक जगात असे लेखन नाही असे नव्हे. कार्डिनल न्यूमन 1845 साली कॅथलिक झाले आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर चार्ल्स किंग्जली यांनी संशय घेतला तेव्हा, 1864 साली, त्यांनी आपल्या धर्ममतांचा इतिहासच लिहून काढला. विशेष म्हणजे, जो पंथ सोडला त्यातल्या मित्रांविषयी त्यात कडवटपणा नाही. 2019 साली त्यांना संतपद मिळाले आणि 2025 साली ‘ख्रिस्तसभेचे आचार्य’ ही पदवी. आपल्या मराठी कॅथलिक घरात मात्र या तोलाचे आत्मकथन माझ्या वाचनात आलेले नाही. आपले पूर्वज गावेच्या गावे मिळून ख्रिस्ती झाले, एकेकटे पुस्तक वाचून नव्हे. हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण कमी भूषणावह आहे. तुटलेल्याविषयी बोललो तर श्रद्धा उणी दिसेल, अशी भीती आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली.

त्यात भाषाही हातची गेली. 1684 साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यातील लोकांना तीन वर्षांत आपली बोली टाकण्याचा हुकूम सोडला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या रायतूरच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. देवनागरीत तो 1956 साली आणला शांताराम बंडेलू यांनी, म्हणजे आपल्या ख्रिस्तसभेबाहेरच्या एका मराठी अभ्यासकाने. फादर कारिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती यावयास 1996 साल उजाडले. नवख्रिस्त्याने मागून घेतलेला ग्रंथ त्याच्या वंशजांना मागावासाही वाटला नाही!

आमच्या माझगावात हे रोज दिसते. माथारपाखाडीतल्या लाकडी जिन्यांच्या घरांत वेदीपुढे दिवा असतो, जपमाळ असते, इंग्रजी प्रार्थनापुस्तक असते. मराठी पुस्तक मागितले तर मुलांचे शाळेचे पाठ्यपुस्तक पुढे येते. मी दुसऱ्यास नावे ठेवीत नाही. माझ्याही घरी फार वेगळे नव्हते. एका उपवासकाळात मी द्रागोंची आवृत्ती घरी आणली आणि ‘दुसऱ्या पुराणा’तला दुःखसहनाचा भाग रात्री मोठ्याने वाचू लागलो. जुनी मराठी, मीच अडखळत होतो. दर दोन ओव्यांनी थांबून अर्थ सांगावा म्हणून मी टिपणे काढून ठेवली होती. आमची वृद्ध आत्या जपमाळ हातात धरून ऐकत होती. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ती किंचित रागावूनच म्हणाली, “अर्थ राहू दे रे. पुढे काय झाले ते वाच.”