देवगांडुळाची कवटी : क्ष-किरण प्रतिमांवर आधारित अभ्यासाची चिकित्सा

पुणे जिल्ह्यातील खंडाळ्याच्या नमुन्यांवरून एडवर्ड टेलर यांनी १९६० मध्ये 'इंडोटायफ्लस बॅटर्सबायी' या देवगांडुळाचे वर्णन केले. बिनपायाच्या या उभयचराचे आयुष्य बहुतांशी मातीखाली जाते. डोके हेच त्याचे खणण्याचे अवजार होय. साहजिकच वर्गीकरणात कवटीला महत्त्व आले आणि १९६९ मध्ये टेलर यांनी तिच्यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. मात्र कवटी पाहायची तर मांस सोलावे लागे. ज्या जातीचे मोजकेच नमुने उपलब्ध आहेत, तिच्याबाबतीत हा व्यवहार महागच.

सूक्ष्म सीटी स्कॅनने ही अडचण दूर केली. रुग्णालयातील यंत्रापेक्षा कितीतरी बारीक, मायक्रोमीटरमध्ये मोजावा असा तपशील त्यातून मिळतो आणि नमुना अखंड बरणीत परत जातो. एमा शेरॅट, डेव्हिड गॉवर, ख्रिश्चन क्लिंगेनबर्ग व मार्क विल्किन्सन यांनी २०१४ मध्ये १४१ जातींच्या, म्हणजे तेव्हा ज्ञात असलेल्या निम्म्याहून अधिक जातींच्या, कवट्या अशा रीतीने तपासल्या. प्रमुख कुळांच्या कवट्या आकारानुसार वेगवेगळे पुंजके करतात आणि पुंजक्यांमधील जागा रिकामी राहते, हा त्यांचा निष्कर्ष भक्कम आहे. टेलर यांच्या हाती एवढी सामग्री कधीच नव्हती.

प्रश्न उरतो तो आकारावरून कार्याकडे जाण्याचा. दूरच्या कुळांत आढळणारी साम्ये याच अभ्यासात डोक्याने खणण्याशी जोडली आहेत. हे पटण्याजोगे आहे, पण प्रतिमेत दिसते ते हाड, जोर नव्हे. ओरेलियन लोवी व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये जिवंत प्राण्यांचा रेटा प्रत्यक्ष मोजला, तेव्हा कवटीचा आकार आणि कमाल रेटा यांत संबंध आढळला नाही. शिवाय रोनाल्ड नुसबॉम यांनी १९८३ मध्ये मांडलेली जबडा मिटण्याची दुहेरी यंत्रणा स्नायूंवर अवलंबून आहे आणि साध्या स्कॅनमध्ये स्नायू जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांसाठी नमुना आयोडिनमध्ये मुरवावा लागतो. त्याने ऊती आक्रसतात. 'नमुन्याला धक्का न लावता' हे विधान मग तितकेसे खरे राहत नाही.

खंडाळ्याचे देवगांडूळ कोणत्या मातीत, किती ओलाव्यात, किती खोलवर आढळते, याच्या नोंदी सीटी यंत्र नसलेल्या महाविद्यालयालाही पावसाळ्यात घेता येतील. खणण्याच्या युक्तिवादाची परीक्षा करायची तर मातीचा हा तपशील कवटीच्या प्रतिमेशेजारी ठेवावा लागेल.